‘बस’ म्हटल्याचा गुन्हा

कोणी व्यासपीठावरून ‘आपल्या भाषेचा अभिमान’ असं म्हणायला लागलं की मला एक अमेरिकन म्हातारा आठवतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. तोच सांगायचा आहे. पण रागाच्या भरात सांगायला बसलं की माणूस बाजूला राहतो आणि नुसता राग उरतो. म्हणून आधी माणूस सांगते. राग ओघाने येईलच, मला तो आवरत नाही.

नाव लॉइड हॅमर्सली. सिंगापुरात बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, हे नाव फक्त पत्रपेटीवर होतं. एरवी सगळे त्यांना कोचच म्हणत. सिक्युरिटीचे लोक, लिफ्टमधली पोरं, त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा. त्या मुलीकडेच ते राहायला आले होते. सहा फुटांच्या वर उंची, दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे चालताना होडीत उभं असल्यासारखे डुलायचे. डोक्यावर एक टोपी, जिचा मूळ रंग कोणता हे त्यांनाही आठवत नव्हतं. गळ्यात शिट्टी. ती त्यांनी वाजवलेली मी एकदाही ऐकली नाही. “मग घालता कशाला?” असं मी विचारलं, तर म्हणाले, “नाही घातली तर कोणीतरी आणून देतं.”

ते ज्या खेळाचे कोच होते तो अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं, असा तो प्रकार. अंगात चिलखत, डोक्यावर हेल्मेट. कोच तिकडे अमेरिकेत एका गावाच्या व्यावसायिक संघाचे वीसेक वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. सगळ्यात वरच्या लीगमध्ये नाही, तिच्या खालच्या. म्हणजे पगार बेताचा आणि शिव्या पोटभर. एकाच संघाबरोबर इतकी वर्षं त्या धंद्यात सहसा कोणी टिकत नाही म्हणे. जिंकलं की करंडक संघमालक उचलतो, हरलं की कोचला उचलतात.

त्यांनाही उचललंच. कसं, ते ते गंमत म्हणून सांगायचे आणि माझा चहा कडू व्हायचा. न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते, अर्धी दाढी झालेली. रेडिओवर बातमी लागली की अमुक संघाने आपल्या मुख्य प्रशिक्षकाला निरोप दिला आहे. न्हाव्याचा वस्तरा थांबला. कोच म्हणाले, “उरलेली अर्धी कर बाबा, आता मला नवीन नोकरी शोधायला जायचंय.” त्यांना कळवायची तसदीही मालकाच्या मुलाने घेतली नव्हती. “तुम्हाला राग नाही आला?” मी विचारलं. “मालकाचा संघ, मालकाची मर्जी,” म्हणाले. मला अजून येतो. माणसाने एका गावाला आयुष्य द्यावं आणि त्या गावाने रेडिओवरून त्याला घरी पाठवावं, हे मला कोणत्याच हिशेबात बसवता येत नाही, आणि मी व्यवसायाने अकाउंटंट आहे.

आमची ओळख झाली तीसुद्धा भांडणातून. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी खाली हिरवळीवर त्यांच्या फेऱ्या चालायच्या. एक दिवस लालबुंद होऊन वर आल्या.

“खाली एक गोरा आहे. मी त्याच्या बाजूने गेले तर मला ‘हट्’ म्हणाला. मांजराला म्हणतात तसं! एकदा नाही, दोनदा. हट् हट्!”

मी तशीच चपला घालून खाली. कोच कॉन्डोतल्या चार-पाच पोरांना काहीतरी शिकवत होते आणि खरोखर ‘हट्, हट्’ ओरडत होते. मी माझ्या ठेवणीतल्या इंग्रजीत त्यांना झापलं. त्यांनी टोपी काढून सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की खेळात चेंडू सोडण्याआधी संघाचा म्होरक्या हा इशारा देतो; त्यांच्या देशात हरेक पोराला तो ठाऊक असतो. “मी आयुष्यभर हा शब्द ओरडतोय. याचा कुठे काही अर्थ होतो हे आज कळलं. काय होतो अर्थ?”

“बाजूला हो. चालता हो.”

त्यांनी थोडा विचार केला. “अगदी बरोबर आहे,” म्हणाले. “तेच तर सांगत असतो आम्ही समोरच्याला.” आणि डुलत डुलत माझ्याबरोबर वर आले, आईंची माफी मागायला.

आईंनी त्यांना दारात उभं पाहिलं आणि हाताने सोफा दाखवत म्हणाल्या, “बस.” पंचाहत्तरीच्या त्या माणसाला आईंनी पहिल्या दिवसापासून अरेतुरेच केलं. त्या ऐंशीच्या होत्या, आणि पाच वर्षांचा फरक त्यांच्या दृष्टीने पुरेसा होता. मग शिरा आला. कोचनी बशी संपवली, आईंनी पुन्हा वाढला. त्यांनी संपवली, पुन्हा वाढला. तिसऱ्या वेळी कोच माझ्याकडे केविलवाण्या नजरेने बघायला लागले.

“हे थांबवायला काय म्हणायचं असतं?”

“बस म्हणा,” मी सांगितलं.

“पण बस म्हणजे तर खाली बसणं.”

“तेही आणि पुरे हेही.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “दोन्ही एकाच शब्दात? मला इतकी वर्षं त्याला दोन वाक्यं लागत होती.”

त्या दिवसापासून हा शब्द त्यांनी कामाला घेतला. कॉन्डोतल्या मुलांसकट शहरातल्या पंधरा-सोळाच्या पोरांचा एक संघ इथल्या एका क्लबने चालवला होता. तिथे बरीच वर्षं कोच मुख्य प्रशिक्षक होते, आणि आमचा मुलगा अर्णवही त्यात होता, रांगेत उभं राहून धक्के खाणाऱ्यांपैकी. त्याच्यामुळे मी पालकांच्या कमिटीत. एखादा दमलेला, चिडलेला किंवा मारामारीवर आलेला पोरगा बाहेर बोलवायचा असला की कोच शांतपणे बाकाकडे बोट करून म्हणायचे, “बस.” कोरियन पोरगा असो, चिनी असो, टेक्ससचा असो. तो शब्द त्या संघात सगळ्यांना कळायचा. आईंना हे कळलं तेव्हा त्यांनी फोन करकरून सगळ्या बहिणींना सांगितलं.

आणखी एक गोष्ट आईंनी त्यांना दिली, ती म्हणजे बडीशेप. सामन्याच्या वेळी च्युइंगम चघळायची त्यांना तरुणपणापासून सवय, आणि ते तर सिंगापुरात दुकानातून मिळतच नाही. आल्यापासून बिचारे काड्या चघळत होते. आईंनी भाजलेल्या बडीशेपेची पुडी हातावर ठेवली. मग मैदानाच्या कडेला कोचच्या शेजारी उभं राहिलं की लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखा वास यायचा.

त्यांचा एक नियम होता, तो नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ज्याला मी बसवतो, त्याला मीच उठवतो. बाकीचे प्रशिक्षक ओरडून सांगतात, मदतनिसाकरवी सांगतात, मान हलवतात. कोच स्वतः चालत त्या मुलासमोर जायचे, त्या बदललेल्या गुडघ्यांनिशी, आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचे, “अप.” ‘बस’चा जोडीदार त्यांना माहीत नव्हता, आणि आमच्याही कोणाच्या शिकवायचं लक्षात आलं नाही. एकदा अर्णवने कोणाला तरी उगाच ढकललं म्हणून त्याला बसवलं आणि नंतर विजांचा भोंगा झाला. इथे मैदानांवर तो असतो. वीज जवळ आली की वाजतो आणि सगळे खेळ बंद. सामना तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची घंटा वाजली. कोच. “काल तुझा मुलगा बसलेला राहिला,” म्हणाले. अर्णव डोळे चोळत बाहेर आला, कोच त्याला म्हणाले, “अप,” आणि निघून गेले. अर्णव हसला नाही. मीही नाही.

मी विचारलं तेव्हा त्यांनी याचं कारण सांगितलं. त्यांच्या काळात डोक्याला मार बसला तरी खेळाडूला नाकाशी उग्र वासाचं काहीतरी धरून पुन्हा आत पाठवत. सगळेच पाठवत, त्यांनीही पाठवले. त्यातला एक जुना खेळाडू त्यांना अजून फोन करायचा. मी समोर असताना एकदा आला. पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही, पण कोच म्हणाले, “हो, जिंकलो रे. हो. जिंकलो.” थोड्या वेळाने पुन्हा तेच, तितक्याच प्रेमाने. फोन ठेवून म्हणाले, “त्याला कोणीतरी बसवायला हवं होतं. ते काम माझं होतं.”

म्हणून मार लागलेल्या प्रत्येकाला ते तीन प्रश्न विचारायचे. आपण कुठे आहोत, खेळाचा कितवा भाग चालू आहे, आणि गुण किती.

आता बर्वे. मंदार बर्वे, आमच्याच कॉन्डोत, समोरच्या इमारतीत. वन-नॉर्थ भागातल्या एका मोठ्या कंपनीत मोठा साहेब. गणपतीत झब्बा घालून पहिल्या रांगेत, मराठी मंडळाच्या स्मरणिकेत भाषेच्या संवर्धनावर लेख. आणि घरात मुलाशी मराठीत बोलायचं नाही असा सक्त नियम, कारण उच्चार बिघडतात. त्याचा मुलगा ईशान, पंधरा वर्षांचा, आमच्या संघाचा म्होरक्या. ‘हट्’ म्हणणारा तोच. गुणी पोरगा. तोंडातून इंग्रजी, तेही पक्कं सिंगापुरी, शेवटी ‘लाह’ आणि ‘लोर’ लावलेलं. मराठी तो फक्त एकाच माणसाशी बोलायचा, आजीशी. लहानपणी नाशिकला तिनेच सांभाळलं होतं त्याला. ती वारली आणि ईशानचं मराठी तिच्याबरोबर गेलं, असं आम्ही सगळे समजत होतो.

अंतिम सामना होता. दुपारची वेळ, हवेत ती चिकट उष्णता. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा माणूस ईशानचा खेळ बघायला येऊन बसला होता, आणि बर्वे त्याच्या शेजारी, पाठ ताठ. मध्येच भोंगा वाजला, सगळे मुकाट आत गेले, अर्ध्या तासाने मुकाट बाहेर आले. भोंग्याविरुद्ध कोणीही तक्रार केली नाही हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या भागात ईशान चेंडू फेकायला मागे सरला आणि दोघे एकदम त्याच्या अंगावर आले. डोकं जमिनीवर आपटलं. आवाज आम्हाला कडेला ऐकू आला. पण तो लगेच उठला, हसला, हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोचनी त्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर वाकून उभे राहिले. पाण्याच्या बाटल्या घेऊन मी शेजारीच होते.

“आपण कुठे आहोत?”

“ग्राउंडवर,” ईशान म्हणाला.

“कितवा भाग?”

“तिसरा चाललाय ना गं.”

“गुण किती?”

“आपले चौदा, त्यांचे दहा. जाऊ ना गं मी खेळायला?”

माझ्या हातातली बाटली खाली पडली. उत्तरं सगळी बरोबर होती. पण ती मराठीत होती, आणि सहा फुटी अमेरिकन पुरुषाला तो ‘गं’ म्हणत होता. तो कोणाशी बोलत होता हे मला कळलं, आणि ती बाई या जगात नव्हती.

कोचना मराठी येत नव्हतं, ‘गं’ काय असतं ते माहीत असायचं कारण नव्हतं. पण आईंच्या सोफ्यावर बसून बसून त्या भाषेचा नाद त्यांच्या ओळखीचा झाला होता. त्यांनी ईशानच्या डोक्यावरचं हेल्मेट दोन्ही हातांनी हळूच काढलं, बाकाकडे बोट केलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बस.”

आणि पोरगा बसला. एरवी हट्टी, पण त्या शब्दाला बसला. कोचही त्याच्या शेजारी बसले, हेल्मेट स्वतःच्या मांडीवर ठेवून, म्हणजे कोणी काढून घ्यायला नको.

बर्वे पायऱ्या उतरून धावत आला. “व्हॉट इज धिस? सगळी उत्तरं बरोबर दिलीत त्याने!” मग माझ्याकडे वळून, “अहो, तुम्ही सांगा ना यांना. बरोबर सांगितलं ना त्याने?”

“उत्तरं बरोबर आहेत,” मी म्हणाले, “पण तो ‘गं’ म्हणतोय, मंदार.”

“मग? मराठी आहे तो!”

कोच मान वर न करता म्हणाले, “मी इंग्रजीत विचारलं होतं.”

आम्ही सतरा-चौदा असा सामना हरलो. बदली म्होरक्या घाबरला होता, त्याचा काही दोष नाही. कॉलेजचा माणूस शेवटची शिट्टी व्हायच्या आत निघून गेला. बर्वेने पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या क्लबला तक्रार पाठवली. त्यात लिहिलं होतं, की प्रशिक्षकाने माझ्या मुलाला मातृभाषेत बोलला म्हणून खेळातून काढलं, आणि त्याच भाषेची नक्कल करत, कुत्र्याला सांगावं तसं ‘बस’ म्हणून हुकूम सोडला. मराठीचा आणि मराठी माणसाचा हा अपमान आहे.

संध्याकाळी ईशानला उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलमध्ये नेलं. मेंदूला हादरा बसलाय असं डॉक्टरांनी सांगितलं. अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती, आणि त्याच अवस्थेत दुसरा मार बसला असता तर काय झालं असतं तेही सांगितलं. हे बर्वेने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस कोचच्या दाराशी जाईल. तो गेला नाही. तक्रार मात्र मंडळाच्या ग्रुपवर गेली.

आणि मग काय विचारता! ‘जाहीर निषेध.’ ‘परदेशातही गळचेपी.’ हात जोडलेली, मुठी आवळलेली चित्रं. ज्यांच्या घरात फ्रीजवरच्या यादीपासून देवापुढच्या आरतीपर्यंत सगळं रोमन लिपीत, त्यांची अस्मिता खडबडून जागी झाली. यिशुन भागात राहणारे एक काका तर म्हणाले, की मूळ आक्षेप एकेरीवर घ्यायला हवा. ‘बस’ नव्हे, ‘बसा’ म्हणायला हवं होतं. पंधरा वर्षांच्या पोराला! मी लिहिलं, की मी तिथे होते, असं काहीही झालं नाही, त्या माणसाने पोराचा जीव राखला. त्यावर कोणीतरी मला नमस्काराचं चित्र पाठवलं आणि चर्चा पुढे सुरू राहिली.

कमिटीची बैठक क्लबच्या थंडगार खोलीत झाली. बिस्किटं होती. अध्यक्षांनी कोचना विचारलं, “मुलाशी तुम्ही त्याच्या भाषेत का बोललात?”

कोच म्हणाले, “तो त्या वेळी जिथे होता, तिथे इंग्रजी पोचत नाहीये असं मला वाटलं.”

“तुम्हाला याचा खेद वाटतो का?”

“वाटतो. मला एकच शब्द येत होता.”

मग मी उभी राहिले. मी त्यांना ‘गं’ समजावून सांगितला. सांगितलं, की आमच्या भाषेत हा शब्द फक्त बाईमाणसाला लावतात, तोही जवळच्या. की या मुलाने तो फक्त आजीला लावला असता, आणि आजी हयात नाही. ज्याला हे काही माहीत नव्हतं त्या माणसाने ओळखलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी तक्रार केली. माझा आवाज चढला होता, चढू दिला.

सगळे बर्वेकडे बघायला लागले. तो एवढंसं हसला आणि म्हणाला, “इट्स जस्ट अ पार्टिकल. लाइक ‘लाह’.”

खोलीत सुटकेचं हसू पसरलं. लाह! वाक्याला लावायचं ते शेपूट सगळ्यांनाच माहीत होतं. लाहला काय अर्थ असतो? एका शब्दात त्या पोराची आजी, त्याचं डोकं, माझं म्हणणं, सगळं झटकून टाकलं त्याने. मराठीच्या अपमानाचं निवेदन घेऊन आलेल्या माणसाने मराठीचा इतका मोठा अपमान माझ्यादेखत केला आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मला आजतागायत वाटतं की ती बशी मी त्याच्या डोक्यात घालायला हवी होती.

कोचना ‘जबाबदारीतून मोकळं’ करण्यात आलं. शब्द बघा. वर अट घातली, की त्यांनी त्या मुलाशी संपर्क ठेवायचा नाही. नोकरी गेल्याचं त्यांनी बसूनच ऐकून घेतलं. अट ऐकली तेव्हा मात्र खुर्चीतून अर्धे उठले. “पण तो बसलाय,” म्हणाले. “मला त्याला उठवायचंय.” अध्यक्षांना काही कळलं नाही. त्यांनी आभाराचं वाक्य वाचून दाखवलं.

बर्वेला मी पार्किंगमध्ये गाठलं. “डॉक्टर काय म्हणाले ते तुला माहीत आहे. तक्रार मागे घे.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच खरं बोलला, आणि तेही मराठीत. “आता मागे घेतली तर मी मूर्ख दिसेन हो.”

तेवढ्यासाठी. एका माणसाने मूर्ख दिसू नये एवढ्यासाठी दुसऱ्याचं उभं आयुष्य ‘मोकळं’ केलं गेलं. अमेरिकेत निदान रेडिओने तरी खोटं सांगितलं नव्हतं.

ईशान बरा झाला. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. नवा प्रशिक्षक आला, शिट्टी वाजवणारा. पण ईशान जाईना. शाळेतून यायचा आणि कॉन्डोच्या पोर्चपाशी जो बुटका कठडा आहे त्यावर बसून राहायचा, दप्तर पायाशी. बाप ओरडला, क्लासचे, कॉलेजचे दाखले दिले, तरी ढिम्म. मी एकदा शेजारी बसून विचारलं.

“कोच से सिट, सो आय सिट लोर,” तो म्हणाला. खांदे उडवले. “ही नेव्हर से अप.”

हे मी कोचना सांगितलं. सांगायला नको होतं की काय कोण जाणे, त्यांचा चेहरा बघवेना. रोज संध्याकाळी ते त्याच पोर्चमधून फेरफटक्याला जायचे, पोरगा तिथेच, दोघांच्या मध्ये हातभराचं अंतर, आणि अट पाळायची म्हणून हा माणूस मान वळवून पुढे जायचा. शब्द दिला होता ना. आयुष्यभर नियमाने खेळ शिकवलेला माणूस, नियम मोडणं त्याला येतच नव्हतं. ज्यांनी नियम केला त्यांना मात्र तो लक्षातही नव्हता.

काही महिन्यांनी त्यांनी परत जायचं ठरवलं. “मुलीच्या घरात माणूस किती दिवस टोपी घालून बसणार?” म्हणाले. जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आले आणि पुण्याला आईंशी बोलायचंय म्हणाले. मी व्हिडिओ लावून दिला आणि मध्ये दुभाषी होऊन बसले.

“तिला विचार, ‘बस’च्या उलट काय?”

आईंनी चष्मा नीट केला. “कोणाला सांगायचंय? मोठा असेल तर ‘उठा’, लहान असेल तर ‘ऊठ’.”

“पंधरा वर्षांचा आहे.”

“मग ऊठ. आणि नुसतं ऊठ नको रे म्हणूस, राग आल्यासारखं वाटतं. ऊठ बाळा म्हण.”

त्यांनी चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. ‘ळ’ त्यांच्या तोंडात शेवटपर्यंत बसला नाही. आईंनी दोनदा दुरुस्त केलं आणि मग सोडून दिलं. “कळेल त्याला,” म्हणाल्या. आणि विचारलं, “पण अट आहे ना रे?”

“ती कोचला होती,” ते म्हणाले. “उद्या सकाळी इथे राहण्याचा माझा पास संपतो. उद्या मी नुसता म्हातारा.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. टॅक्सी पोर्चमध्ये उभी, ड्रायव्हर बॅगा ठेवत होता. ईशान कठड्यावर. कोच टॅक्सीकडे न जाता त्याच्याकडे डुलत निघाले. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडून बर्वे बाहेर आला, हातात गाडीची किल्ली. त्याने पाहिलं आणि झपझप पुढे आला. “एक्स्क्यूज मी, लॉइड, वी हॅड ॲन अंडरस्टँडिंग...”

मी मध्ये उभी राहिले. “हट्,” मी म्हणाले.

पुढे काही बोलावंच लागलं नाही. तो शब्द त्याला चांगलाच कळला. ईशानच्या आजीकडूनच त्यालाही मराठी आलं होतं की, आई होती ती त्याची. तो जागच्या जागी थांबला.

कोच ईशानसमोर वाकून उभे राहिले.

“आपण कुठे आहोत?”

“पोर्च लाह, कोच.”

“कितवा भाग?”

“फिनिश्ड ऑलरेडी.”

“गुण किती?”

“चौदा-सतरा. वी लॉस्ट.”

कोचनी मान हलवली. खिशातून बडीशेपेची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. मग गुडघ्यांवर हात टेकवून ते सावकाश ताठ झाले, तोंडातल्या तोंडात एकदा शब्द जुळवला आणि म्हणाले, “ऊठ, बाला.”

ईशान उठला.

कोच टॅक्सीत बसले, आधी पाठ, मग एकेक गुडघा हाताने उचलून आत. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली. बर्वे हलक्या आवाजात म्हणाला, “ईशान, सिट डाउन, यू लुक पेल.” पोरगा पुडी मुठीत धरून रस्त्याकडे बघत होता. तो बसला नाही.